काचेच्या खोलीतले तांबे

कुणी विद्यार्थी काचेच्या खोलीत येऊन म्हणाला, मला पीएच.डी. करायची आहे, की तांबे हातातली नळी बाजूला ठेवत, ज्योत बारीक करत, निळा चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोणाकडे?" बाकी सगळे विचारायचे, "कशात?" घरचे विचारायचे, "कशाला?" कोणाकडे, असं विचारणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. एरवी त्यांचं काम कुणासाठी थांबत नसे. प्राचार्य दारात उभे राहिले तरी ते नळी फिरवत फिरवतच मान हलवत, कारण तापलेली काच फिरायची थांबली की एका अंगाला ओघळते. ह्या एका विषयाला मात्र ते काम सोडून बसत.

धोंडीराम तांबे आमच्या कॉलेजात काचकाम करत. कॉलेज मुंबईच्या दक्षिण टोकाला, आणि त्यांची खोली रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या जिन्याखाली. खोलीत एक टेबल, गॅसची ज्योत, पायाने चालवायचा भाता आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचेच्या लांब नळ्या. माणूस उंच, सडपातळ, सावळा. गालांवर सतत फुंकून फुंकून पडलेल्या दोन सैल घड्या. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं ओळखत, पण वाचायला लागले की ओठ हलत. ह्या माणसाने किती जणांना संशोधनाच्या वाटेला लावलं, हे त्या कॉलेजच्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती फुटलेला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची काचेची नळी, घेऊन. एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि रडायचं तेवढं मी आधीच रडून घेतलं होतं. त्यांनी पुठ्ठ्यावरचे तुकडे बोटाने सरकवून पाहिले आणि विचारलं, घाबरून फुटला की घाईने? मी म्हटलं, घाईने. "मग जुळेल. घाबरलेल्याच्या हातून फुटतं त्याचा भुगा होतो." ह्याला शास्त्रीय आधार काय, हे मला पुढे पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही कळलेलं नाही. पण त्या दिवशी माझं रडं थांबलं, आणि चौथ्या दिवशी कंडेन्सर माझ्या टेबलावर होता.

ही कला ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. दुसऱ्या लढाईच्या वर्षांत युरोपातून जीव वाचवून आलेला एक जर्मन कारागीर काही काळ आमच्या कॉलेजात होता. तांबे तेव्हा बाटल्या धुवायच्या कामावर होते. त्याला मराठी येत नव्हतं, ह्यांना जर्मन येत नव्हतं. मी एकदा विचारलं, मग शिकलात कसं? ते म्हणाले, "दोनच शब्द लागतात. हळू, आणि अजून हळू. ते हाताने सांगता येतात." तो कारागीर पुढे परदेशी निघून गेला. जाताना त्याने आपला निळा चष्मा तांब्यांना दिला, आणि कॉलेजने नाइलाजाने त्याची खोलीही.

गाइड लोकांची इतकी माहिती त्यांच्याकडे कुठून आली, ह्याचं आम्हाला आधी नवल वाटे. पण त्यात गूढ काही नव्हतं. मुंबईत तेव्हा असं बारीक काचकाम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे आमच्याच नव्हे, माटुंग्याच्या, परळच्या, सगळ्या प्रयोगशाळांची संशोधक मुलं कधी ना कधी त्या जिन्याखाली येत. काच तापेपर्यंत आणि तापलेली काच सावकाश थंड होईपर्यंत बसावं लागे. बसलं की माणूस बोलतो. कोणाच्या गाइडने सहा महिन्यांत भेट दिली नाही, कोणाच्या गाइडने मुलाच्या कामावर फक्त आपलंच नाव घातलं, कोण स्वतः बाह्या सरसावून उपकरण जोडतो, हे सगळं तांब्यांच्या कानावर पडत असे. एकाचं बोलणं ते दुसऱ्याला कधी सांगत नसत. कोणी सल्ला विचारला तर मात्र गाळून, निवळून सांगत.

त्यांचे प्रश्न ठरलेले होते. "त्यांच्याकडे लागले किती? सुटले किती? आणि सुटलेले परत भेटायला येतात का?" ह्यातला तिसरा प्रश्न ते सगळ्यात मोठा मानत. गाइडची चौकशी कुणाकडे करायची, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. "पहिल्या वर्षाचा पोरगा खूश असतो, त्याला विचारून उपयोग नाही. पाचव्या वर्षाचा चिडलेला असतो, त्यालाही विचारू नये. तिसऱ्या वर्षाचा खरं बोलतो." आणि कोणी विषयासाठी हटून बसला, की म्हणत, "अहो, विषय बदलता येतो. गाइड बदलता येत नाही."

कोल्हापूरकडच्या एका मुलाला बंगळूरच्या एका प्राध्यापकांकडे जायचं होतं. त्याने चार पानी पत्र लिहिलं, त्यात स्वतःच्या आजोबांपासून सुरुवात केली आणि ते तांब्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तांब्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यांनी काय काम केलंय ते तुम्ही वाचलंय का? मुलगा म्हणाला, एक लेख वाचलाय, आणि त्यातली एक गोष्ट मला पटली नाही. "मग तेवढंच लिहा. पत्र मोठं असलं की मोठी माणसं सावकाशीने वाचू म्हणून ठेवून देतात. मग ते ठेवलेलंच राहतं." मुलाने अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत उत्तर आलं, तुमचं म्हणणं चूक आहे, पण या. तो गेला.

मी लालबागची. वडील एका मिलमध्ये टाइमकीपर, मूळ गाव मालवणकडे. आमच्या चाळीत एम.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, आणि आईच्या मते तेवढं पुष्कळ झालं होतं. "अजून किती शिकतलंस गो? केस पिकल्यावर लगीन करतलंस काय?" असं ती भाकऱ्या थापता थापता विचारी. बाबा काही बोलत नसत, पण गावाकडून आलेली दोन स्थळांची पत्रं त्यांनी फाडून टाकली नव्हती, हेही मला दिसत होतं.

निकाल लागला आणि अनपेक्षितपणे मला बोलावणं आलं ते मोठ्या सरांचं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं कॉलेज त्यांना मोठे सरच म्हणे. विलायतेत नाव झालेलं, दिल्लीच्या कमिट्यांवर वजन. त्यांच्या हाताखाली जागा मिळावी म्हणून लोक वर्ष वर्ष थांबत. त्यांनी मला उभ्या उभ्याच सांगितलं, पुढच्या महिन्यापासून या, शिष्यवृत्तीचं मी बघतो. मी जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करून उतरले आणि थेट काचेच्या खोलीत गेले.

तांब्यांनी ज्योत बारीक केली, पण चष्मा वर केला नाही. मी म्हटलं, तांबेकाका, मोठ्या सरांकडे. ते म्हणाले, "परबबाई, जाऊ नका."

मला राग आला. इतका की मी त्यांना म्हटलं, तुम्हाला त्यांच्या कामातलं काय कळतं? ते म्हणाले, कामातलं काही कळत नाही. मग त्यांनी मला दामल्यांबद्दल विचारलं. दामले हे मोठ्या सरांचे विद्यार्थी, सातवं वर्ष चालू, डोक्यावरचे केस विरळ झालेले, अजून प्रबंध लिहायची परवानगी नाही. "दामल्यांसाठी एकच उपकरण मी अकरा वेळा केलंय. प्रत्येक वेळी सर सांगतात, आता ह्यात एवढं अजून बघू. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त कोणाला सोडवत नाही." आणि मग त्यांनी परळच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. नाडकर्णींचं नाव सांगितलं. नाव मी ऐकलेलं नव्हतं. वय जेमतेम चाळीस, दोन खोल्यांची प्रयोगशाळा, आत्तापर्यंत तीनच विद्यार्थी. तिघंही वेळेवर सुटले, आणि तिघंही अजून दर गणपतीला त्यांच्या घरी जातात. अडचण एवढीच होती की नाडकर्णींच्या हातात शिष्यवृत्ती नव्हती. ती मिळवायला निवड समितीपुढे जायचं, आणि ती मिळेलच असं नव्हतं.

मी तिथून तणतणत निघाले. पण दुसऱ्या दिवशी लायब्ररीत दामले दिसले, आणि मी त्यांच्याशी काही बोलायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, तुम्ही इकडे येणार असं ऐकलं, विचार केलात ना? विचारताना ते हसले. त्या हसण्याने मला जे कळायचं ते कळलं. त्याच आठवड्यात मी परळला जाऊन डॉ. नाडकर्णींना भेटले. ते स्टुलावर चढून पंपाला तेल घालत होते. खाली उतरून हात पुसत त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले, आणि निघताना म्हणाले, कोळशाच्या पृष्ठभागाला वायू कसे चिकटतात ह्यावर काम आहे, तीन वर्षांचं आहे, चौथं लागलं तर चूक माझी.

घरी मात्र हे सांगणं अवघड होतं. हातात आलेली जागा सोडून नसलेल्या जागेसाठी अर्ज करायचा, हे बाबांना पटेना. ते म्हणाले, मोठ्या माणसाने बोलावलंय तर जा, नाहीतर गावाला कळवून टाकतो. मी हे तांब्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कुठून तरी कळलं असणार. एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे.

आईने बसायला पाट दिला आणि चौकशी सुरू केली. गाव खंयचा? मंडणगडाकडचं. मुंबैत खंय ऱ्हवतास? वरळीला, बीडीडी चाळीत. आई पुढचा प्रश्न कसा विचारावा ह्या विचारात असताना तेच शांतपणे म्हणाले, "वहिनी, आम्ही महार. तुम्हाला विचारायला अवघड वाटत असेल, म्हणून सांगितलं."

आई आत गेली. आमच्याकडे पाहुण्यांसाठी कपबश्या होत्या, आणि कोनाड्यात एक काचेचा पेला वेगळा उपडा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे आमच्यापैकी कुणी कधी बोलत नसे. आईने तो पेला पुसून त्यांच्यापुढे ठेवला आणि चहाचं भांडं आणायला वळली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तांब्यांनी पेला उचलला, उजेडाकडे धरून फिरवला, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "वहिनी, ह्यात गरम ओतू नका. काचेत ताण आहे. तडकेल, आणि चहा पोरीच्या ह्या पसरलेल्या कागदांवर जाईल."

आई चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. घरात दुसरा काचेचा पेला नव्हता. मग ती गुपचूप वळली आणि कपबशी घेऊन आली. काचेतला ताण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो बघायला खास भिंगं लागतात आणि अंधारी खोली. हे मला नाडकर्णींकडे शिकताना कळलं. तांब्यांना ते आधीपासून माहीत होतं.

चहा झाल्यावर ते बाबांकडे वळले. रसायनशास्त्राचं त्यांनी नाव काढलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या मिलमध्ये बदली कामगार किती वर्षं बदलीच राहतो?" बाबा म्हणाले, कोणी कोणी दहा वर्षं राहतो. रोज गेटवर येऊन उभा राहतो, काम करतो, पण कायम काही होत नाही. "काम येत नाही म्हणून?" नाही, काम चांगलं येतं म्हणूनच, असं म्हणून बाबा थांबले. तांबे म्हणाले, "मोठ्या सरांकडे तुमची पोरगी बदलीच राहील. नाडकर्णी कायम करतील."

बाबा सबंध आयुष्य गेटवर हजेरी घेत आलेले. एवढ्यावरून त्यांना सगळं समजलं. संध्याकाळी त्यांनी गावच्या दोन्ही पत्रांना नकार कळवला.

निवड समितीची मुलाखत फोर्टात होती आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पडला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव तेव्हा पेटलं होतं. ट्राम बंद, बस बंद, गिरण्यांचे भोंगे बंद. आमच्या चाळीच्या तोंडाशी रस्त्यावर दगडांचा सडा आणि पलीकडे पोलिसांची गाडी. बाबा चळवळीचे कट्टर, आदल्या दिवसापासून मोर्च्यातच होते, घरी आले नव्हते. समितीवरचा एक जण परगावाहून आलेला असल्यामुळे मुलाखती पुढे ढकलणार नाहीत, असं कॉलेजातून कळलेलं. आई म्हणाली, नशिबात नाही, घरात बस. मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आणि तांबे आले. वरळीहून चालत.

लालबाग ते फोर्ट आम्ही दोघं चालत गेलो. त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, काहीही झालं तरी पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे पोलीस लागतात. ते रस्त्याच्या बाजूने चालले, मला भिंतीच्या बाजूने ठेवलं. भायखळ्याला धूर दिसला म्हणून वाट बदलली, पुढे गिरगावात गल्ल्यागल्ल्यांतून काढलं. गिरगावात एका चाळीतल्या बायकांनी गॅलरीतून विचारलं, कुठे चाललात? तांबे म्हणाले, परीक्षेला. त्यांनी वरून दोरीने पाण्याची कळशी सोडली. आम्ही दोघं ओंजळीने पाणी प्यायलो. चालताना मी खूप घाबरले होते, आणि ते मला सबंध वाट नाडकर्णींच्या पंपाची रचना समजावून सांगत होते. पुढे माझ्या लक्षात आलं, की मला ती आधीच माहीत आहे हे त्यांना ठाऊक होतं.

समितीत मोठे सर बसलेले होते. बाकीच्यांचे प्रश्न झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही माझ्याकडे का आला नाहीत?" चालून चालून पाय भरून आले होते, बनवून सांगायला डोकं चालत नव्हतं. मी म्हटलं, सर, मला तीन वर्षांत काम पुरं करायचं आहे. सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे काचेच्या खोलीतून कळलं असणार." त्यांनी कागद ओढून घेतला आणि सही केली. शिष्यवृत्ती मिळाली. त्याच वर्षी दामल्यांना प्रबंध लिहायची परवानगीही मिळाली. दोन्हींचा संबंध असेल नसेल, मला ठाऊक नाही. सरांच्या मनातलं काही मला त्या एका क्षणापलीकडे कधी दिसलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा तांबे पायरीवर बसले होते. बातमी ऐकून ते एवढंच म्हणाले, झालं तर. मला गिरगावात माझ्या मामाच्या घरी सोडून ते एकटे परत निघाले.

त्यानंतर दोन आठवडे काचेच्या खोलीला कुलूप होतं. कॉलेजच्या शिपायाने सांगितलं तेव्हा मला कळलं. त्या संध्याकाळी परतताना चिंचपोकळीच्या पुलाजवळ लाठीमार झाला, आणि त्यात तांब्यांचं उजवं मनगट मोडलं होतं.

मी वरळीला गेले. बीडीडी चाळीतली एकच खोली, पण लखलखीत, आणि खिडकीत काचेचे छोटे हंस ओळीने मांडलेले. हात गळ्यात बांधून तांबे चटईवर बसले होते. मी त्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्यामुळे नाही हो. हरताळ होता. मी तसाही बाहेर असतोच." मला ते ऐकून थोडं हलकं वाटलं. निघाले तेव्हा त्यांच्या मिसेस, आम्ही त्यांना तांबेवहिनी म्हणत असू, जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. जिन्यात थांबून त्या म्हणाल्या, "खोटं बोलतात ते. हरताळाच्या दिवशी ते कधी खाली उतरत नाहीत. हातावर पोट आमचं. भाजी चिरायची सुरीसुद्धा मी त्यांच्या हातात देत नाही." आवाजात राग नव्हता. मला ते कळलेलं असावं, एवढंच त्यांना वाटलं असणार.

मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळेना. नळी दोन्ही हातांनी एकाच गतीने फिरवावी लागते, त्यात तसूभर फरक पडला तरी काच पिळवटते. ऑफिसने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, बाटल्या आणि बुचं द्यायला. त्यांनी तक्रार केली नाही. दसऱ्याला ते सहकुटुंब नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्यावर मला म्हणाले, "परबबाई, आता मी बौद्ध. पुढच्या वेळी तुमच्या आईला सांगायला सोपं." आम्ही दोघंही हसलो. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

माझ्या कामाला काचेची गुंतागुंतीची जोडणी लागणार होती. नळ्या, तोट्या, फुगे, सगळं हवाबंद. ती करणारं दुसरं कोणी नव्हतं. नाडकर्णी म्हणाले, मग तुम्ही शिका. मी रोज पाच वाजता परळहून निघून कॉलेजात जायची. तांबे स्टोअर बंद करून काचेच्या खोलीत यायचे. नळी मी फिरवायची, आणि नळीला जोडलेली रबरी नळी त्यांच्या तोंडात. मी फिरवायची, ते फुंकायचे. पहिले दोन महिने माझ्या हातून नुसते वेडेवाकडे गोळे झाले. ते डावा हात माझ्या मनगटाखाली धरत आणि न बोलता हळू, अजून हळू, असं दाबून सांगत. बोटं भाजली, फोड आले. आई रोज त्यावर खोबरेल लावताना काहीतरी पुटपुटे, पण एके दिवशी तिने खोबऱ्याच्या वड्या करून डबा भरून दिला आणि म्हणाली, ह्या तांब्यांका दे. आठ महिन्यांनी मी केलेली जोडणी पंपाला लावली आणि तिच्यात हवा शिरली नाही. तांब्यांनी अर्धा तास दाबमापकाच्या आकड्यावर नजर ठेवली. मग उठून म्हणाले, आता माझं काम संपलं. ते अर्थातच संपलं नाही. कॉलेजने नवा कारागीर नेमला, त्यालाही त्यांनीच घडवलं. आणि सल्ला विचारायला येणारे विद्यार्थी आता स्टोअरच्या खिडकीशी रांग लावू लागले.

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास माझा प्रबंध झाला. चौथं वर्ष थोडं लागलं, त्याबद्दल नाडकर्णींनी खरोखर माफी मागितली. प्रबंधाची एक प्रत मी तांब्यांकडे नेली. ऋणनिर्देशात त्यांचं नाव पहिलं होतं, गाइडच्याही आधी. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचलं आणि म्हणाले, "क्रम चुकला." मी म्हटलं, नाडकर्णींनीच तसा लावायला सांगितला. त्यावर त्यांनी प्रत दोन्ही हातांनी बंद केली.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं गेली. मी शिकवायला लागले, लग्न झालं, शीवला राहायला गेले. तांबे निवृत्त झाले. वर्षातून दोन-तीनदा मी वरळीला जात असे, आणि दर वेळी तिथे आधीच कोणी ना कोणी बसलेलं असे. एकदा दामले भेटले, टक्कल पडलेले आणि प्रसन्न. तांब्यांना दम लागायचा. सगळा जन्म फुंकण्यात गेलेली छाती शेवटी शेवटी जिना चढू देईना. एका डिसेंबरात निरोप आला, की पहाटे गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या घातल्या होत्या. वंदना झाली. मग ज्यांना बोलायचं ते एकेक उठले. बंगळूरचा तो कोल्हापूरकर रातोरात प्रवास करून आला होता. माटुंग्याचे दोघे होते, तुर्भ्याच्या अणुकेंद्रात मोठ्या हुद्द्यावर गेलेले एक होते, केस पिकलेले डॉ. नाडकर्णीही आले होते. सूत्रसंचालन करणारा चाळीतला तरुण प्रत्येकाचं नाव पुकारताना आधी डॉक्टर म्हणत होता. डॉक्टर अमुक, डॉक्टर तमुक. मी नववी होते.

माझ्या शेजारी शेवटच्या चाळीतली एक म्हातारी बसली होती. नवव्यांदा डॉक्टर ऐकल्यावर तिला राहवेना. ती पुढे वाकून तांबेवहिनींना म्हणाली, "एवढे डॉक्टर ओळखीचे, आणि एकालाही धोंडीरामाला औषध देता येऊ नये?"

आमच्यातला एक जण तिला समजावायला पुढे सरकला. त्याने सुरुवातही केली, आजी, आम्ही त्यातले डॉक्टर नव्हे. वहिनींनी त्याला हातानेच थांबवलं. पांढऱ्या साडीचा पदर सारखा करत त्या म्हातारीला म्हणाल्या, "औषधाचे नाहीत ते, मावशी. ते आमच्या ह्यांचे आहेत."

म्हातारीने आम्हा नऊ जणांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाली, जा बाय, बोल.